फ्रिजवर ठेवलेला बाबांचा फोन

माझं जर्मनीला जायचं पक्कं झालं आणि खारघरच्या आमच्या घरात पहिला वाद झाला तो बँकेवरून. थंडीचे कपडे, कुकर, मसाले सगळं राहिलं बाजूला. तिकडे आधीपासून राहणारी माझी मैत्रीण व्हिडिओ कॉलवर समजावत होती, "शाखावाली बँक घेतलीस तर दर महिन्याला पैसे कापतात, पण बोलायला माणूस तरी भेटतो. ॲपवाली फुकट, पण अडलीस तर बस बोंबलत." त्यात कहर म्हणजे घर मिळायला खातं हवं आणि खातं उघडायला घराचा पत्ता. मी डोकं धरून बसले होते. आई भेंडी चिरता चिरता म्हणाली, "तिला विचार, त्या बँकेचा मेसेज इकडच्या नंबरवर येतो का."

कुठल्या नंबरवर, ते मला विचारावं लागलं नाही. बाबांच्या.

बाबा जाऊन दोन वर्षं होत आली होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांची सगळी नोकरी झाली. मी कॉलेजला लागले तेव्हा त्यांनी आम्हा दोघांच्या नावावर खातं उघडलं आणि मेसेज दोघांच्याही फोनवर येतील अशी सोय केली. कँटीनमध्ये डोसा खाल्ला तरी लगेच फोन, "काय घेतलंस गो?" इतका राग यायचा! मला नोकरी लागली तरी तेच. भांडले, अबोला धरला, माणूस ढिम्म.

ते गेल्यावर आम्ही बँकेला कळवलंच नाही. दोघांपैकी कोणीही चालवावं असं खातं, माझ्या एकटीच्या सहीवर काम होत होतं, मग कोण कशाला जातंय? आईने त्यांचा फोन फ्रिजवर ठेवला, चार्जर कायमचा लावून. दर महिन्याला खालच्या दुकानातून त्यात रिचार्ज मारून आणायची. मी सोसायटीच्या गेटवर कोथिंबीर घेऊन स्कॅन करायचे, की लिफ्टने वर येईस्तोवर आईने चहा टाकलेला असायचा. "बाबांना कळलं बघ," म्हणायची. सुरुवातीला अंगावर काटा यायचा. मग मलाच त्याची सवय लागली. घरात कोथिंबीर असली तरी मी आणखी एक जुडी घ्यायचे.

एका रविवारी आम्ही दोघी समोरासमोर जेवत होतो आणि तो फोन वाजला. काचेच्या ग्लासवर चमचा आपटावा तसा त्याचा आवाज. आईने माझ्याकडे पाहिलं.

"तू काय घेतलंस?"

"मी कुठे काय? इथेच तर बसलेय."

दोघींचे घास हातातच राहिले. भर दुपारी, स्वतःच्या घरात, फ्रिजपर्यंत जायची भीती वाटली मला. शेवटी उठून बघितलं, तर व्याज जमा झालं होतं. आई हसली, मीही हसले. पण संध्याकाळपर्यंत दोघींपैकी कोणीही फ्रिज उघडला नाही.

परदेशी राहायला जाणाऱ्याला साधं खातं ठेवता येत नाही, ते बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी बँकेत गेले. काउंटरवरच्या मॅडम घाईत होत्या. "दुसऱ्या नावाचीही सही लागेल. बाबांना घेऊन या ना, पाच मिनिटांचं काम आहे."

मी "बरं" म्हणाले आणि बाहेर पडले. खरंच, बरं म्हणाले!

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणते, "मग सांगून टाकायचंस ना तिथल्या तिथे."

"तू सांग!" मी ओरडलेच. "रिचार्ज तू मारतेस, तूच सांग!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून तयार झाली, मृत्यूचा दाखला पिशवीत घातला आणि नेऊन मॅडमपुढे ठेवला. बिचाऱ्या ओशाळल्या. म्हणाल्या, "काकू, त्यांच्या जागी तुमचं नाव घालू या का? मेसेज तुमच्या मोबाईलवर येतील."

"माझ्या नको," आई म्हणाली. "मला काय करायचंय कळून?"

तिकडे ॲपवाली बँक घ्यायची ठरवली. फुकट तर फुकट, आता मला कशाचं काही वाटत नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही बॅग भरत होतो आणि फ्रिजवर पुन्हा तो आवाज झाला. आईने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "आपल्या विनंतीनुसार आपला मोबाईल क्रमांक या खात्यावरून काढण्यात आला आहे." मग तेच पुन्हा एकदा वाचलं, हळू.

"आई, ठेव गं तो फोन."

तिने ठेवला नाही. दोन्ही हातांत धरून तशीच उभी राहिली.

"इतके दिवस आपण त्यांना सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली. "आज कळलं बघ बाबांना."