पुण्यात सगळे म्हणत होते

मढे घाट चढून वर आलो आणि मागे वळून पाहिलं. खाली कोकण धुरकट दिसत होतं. त्यात आमचं गाव कोणत्या झाडीत दडलं होतं ते काही केल्या ओळखता येईना. तीस वर्षांचा होईपर्यंत मी महाडच्या पलीकडे गेलो नव्हतो. पुणं एकदा पाहावं असं आमच्याकडे प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटे. पण मी निघालो होतो तो पुणं पाहायला नव्हे, थोरल्या भावाची बातमी काढायला.

अण्णा फौजेबरोबर उत्तरेत गेले होते, छावणीत पत्रं लिहायच्या कामावर. दोन पावसाळे उलटले तरी त्यांचं स्वतःचं पत्र काही आलं नाही. तिकडे आपल्या फौजेचा मोड झाला, ती उधळली, एवढं आमच्या खेड्यापर्यंत पोचलं होतं. मग गावच्या भटजींनी पालाशविधीचं (परदेशी हरवलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा विधी) नाव काढलं. तो विधी झाला की वहिनींचं कुंकू जाणार, बांगड्या जाणार, डोक्यावरचे केस जाणार. वहिनी तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. मी भटजींकडून महिन्याची मुदत मागून घेतली. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भावोजी, नीट विचारून या."

वेल्ह्याहून पाबेची खिंड ओलांडून मुठेच्या काठाने खडकवासल्याला आलो, आणि तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना धायरी गाठली. थंडीचे दिवस होते. शेतात हुरड्याची आगटी पेटली होती. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हाक मारून बसवलं आणि कोवळा हुरडा तळहातावर चोळून समोर ठेवला. आम्ही भाताची माणसं, ज्वारीचं कौतुक ते काय असणार असं मला वाटे. तो गरम दाणा तोंडात टाकला आणि मी मनातल्या मनात देशावरच्या लोकांची माफी मागितली.

"कुटं निघालं पाव्हणं?" म्हाताऱ्याने विचारलं.

मी सगळं सांगितलं. ऐकून त्याने काटकीने निखारे हलवले.

"पुन्यात बातमी लई घावती," तो म्हणाला. "आमी भाजी घिऊन जातो, येताना टोपलंभर बातम्या आनतो. त्यातली खरी कंची हाय, त्ये तुमचं तुमी बगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुणं दिसलं. आधी पर्वती, मग चुलींचा धूर, मग त्या धुरातून वर आलेले शनिवारवाड्याचे बुरूज. इतकी घरं एका जागी मी कधी पाहिली नव्हती. शनिवार पेठेत शिरल्यावर एका गृहस्थांना विचारलं, "अहो, इथे विष्णूचं देऊळ कुठे आहे?"

"होतं तिथेच आहे," ते म्हणाले आणि चालू लागले. चार पावलं गेल्यावर, मागे न पाहता, त्यांनी हाताने डावीकडची बोळ दाखवली. पुण्याचं आदरातिथ्य असं पाठमोरं असतं, हे मला हळूहळू कळलं.

त्या देवळाच्या ओवरीत मी पथारी टाकली. कचेरीत चौकशीला गेलो. कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "परत आलेल्यांची यादी यायची आहे."

"कधी येईल?"

"आली म्हणजे."

रोज सकाळी जायचं, रोज हेच ऐकायचं. दुपारी ओवरीच्या कोपऱ्यात तीन दगडांवर भात शिजवायचा आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा. घाटावर आंघोळीला शेकडो माणसं असत, रस्त्यात खांद्याला खांदा लागे, पण आठ दिवसांत मला नावाने कुणी हाक मारली नाही. एकदा तर मीच माझं नाव मोठ्याने उच्चारून पाहिलं. ओवरीतली मांजर उठून गेली. घरी असतो तर हसलो असतो, तिथे रडू आलं.

म्हणून मी संध्याकाळी हौदावर (कात्रजहून नळाने येणारं पाणी साठवायची दगडी टाकी) जाऊन बसू लागलो. पेठेतली मंडळी तिथे जमत. मधल्या पायरीवर नारोपंत नावाचे एक म्हातारे गृहस्थ बसत. दफ्तरात जन्म घालवून आता घरी असलेले, अंगावर जुनी शाल, आवाज खणखणीत. त्या दिवशी तंटा होता तो हौदात कुणा सरदाराच्या मोतद्दाराने घोडं धुतल्याचा.

"घोडं सरदाराचं असलं, तरी पाणी पेठेचं आहे," रामजी तेली म्हणाला.

"सांगा की जाऊन सरदारांना," कुणीतरी डिवचलं.

"ते आहेत कुठे? ते राज्य सांभाळताहेत," नारोपंत म्हणाले. "घराजवळचा हौद सांभाळता येत नाही, म्हणून अटकेपर्यंत जावं लागतं माणसाला."

सगळे हसले. मग हौदावरून गोष्ट फौजेवर गेली, फौजेवरून निजामावर, निजामावरून शेजारच्या आळीतल्या सांडपाण्यावर, आणि तिन्हींवर सारख्याच ठामपणे निकाल लागले. मोड का झाला? कुणी म्हणे बाजारबुणगे फार होते, कुणी म्हणे मुहूर्त चुकला. कधी पुण्याची वेस न ओलांडलेला माणूस दिल्लीच्या वाटा सांगत होता. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. "मला ठाऊक नाही" हे शब्द त्या पायऱ्यांवर कुणाच्याही तोंडून येत नसत. तिथे बसायचं तर मत हवं. पायरीचं भाडंच म्हणा ना ते.

तिसऱ्या संध्याकाळी नारोपंत माझ्याकडे वळले. "आपण रोज येता, ऐकता आणि जाता. हे बरं नव्हे. आपला मुक्काम कशासाठी?"

पुण्यात मला कुणी काही विचारलं ते हे पहिलं. मी भडाभडा बोललो. अण्णा डाव्या हाताने लिहितात, वडिलांच्या छड्या खाऊनही ती खोड गेली नाही, लहानपणी पडल्याची खूण उजव्या भुवईवर आहे, सगळं सांगितलं.

"मग आपलं मत काय?" नारोपंतांनी विचारलं.

अण्णा आता नसावेत, हे माझं खरं मत मी सांगितलं नाही. दहा माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "मला वाटतं, परत येताना ते बुऱ्हाणपुरास तापाने पडले असावेत. एखाद्या गोसाव्याच्या मठात असतील. अंगात बळ आलं की येतील."

"शक्य आहे," नारोपंत म्हणाले. सगळ्यांनी माना हलवल्या. पुण्यात माझं मत मानलं गेलं याचा मला, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. त्या रात्री झोप चांगली लागली.

पुढे चार दिवसांनी मी कसब्यात हजामतीला बसलो होतो. न्हावी बोलका होता. वस्तरा लावता लावता म्हणाला, "ऐकलंत का पंत, उत्तरेत गेलेला एक कोकणातला कारकून जिवंत आहे म्हणे. बुऱ्हाणपुरात मठात पडून होता, आता उठून बसतोय."

मी एकदम मान वळवली. वस्तरा गालाला लागला, रक्त आलं.

"हलू नका हो! नाव नाही कळलं. पण भुवईवर खूण आहे, आणि लिहितो म्हणे डाव्या हाताने."

अर्ध्या दाढीने मी उठलो. मला दुसरं काही सुचलंच नाही. हे सगळं हौदावर मीच बोललो होतो, हे त्या क्षणी आठवलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. आठवलं, पण मला वाटलं, बघा, माझा अंदाज किती बरोबर निघाला! महाडचा एक व्यापारी त्याच दुपारी बैल घेऊन परत निघत होता. त्याच्याजवळ वहिनींना चिठ्ठी दिली: अण्णा जिवंत आहेत, बुऱ्हाणपुरास आहेत, काळजी नसावी.

संध्याकाळी पेढे घेऊन हौदावर गेलो. "बातमी आली!" मी धापा टाकत सांगू लागलो.

"ती होय? आम्हाला चार दिवस ठाऊक आहे," रामजी तेली म्हणाला. "मी त्या संध्याकाळी नव्हतो, नारोपंतांनीच सांगितली. मी तेल घालायला जातो त्या सगळ्या घरांत सांगितली."

मी नारोपंतांकडे पाहिलं. ते माझ्या गालावरच्या जखमेकडे पाहत होते.

"आणि आपल्याला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"अहो, आपणच की."

पेढ्यांची पुडी माझ्या हातात तशीच राहिली. मी चिडलो, नको ते बोललो. म्हणालो, तुम्ही पुणेकर माणसाच्या जिवाशी खेळता. नारोपंतांनी सगळं ऐकून घेतलं. मंडळी पांगल्यावर म्हणाले, "आपण म्हणालात 'असतील'. रामजीला सांगता सांगता त्याचं 'आहेत' झालं. मी दुरुस्त केलं नाही." मग शाल ओढून घेत म्हणाले, "माझा पुतण्या त्याच फौजेत होता. घरात त्याची बायको, आमची सून, काही विचारत नाही, फक्त बघते. म्हणून संध्याकाळी इथे येऊन बसतो. इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. बरं वाटतं."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. जाताना त्यांनी एक पेढा मागून घेतला आणि सुनेसाठी धोतराच्या सोग्यात बांधला.

चिठ्ठीच्या आधी घर गाठायचं म्हणून पहाटेच निघालो. धायरीच्या म्हाताऱ्याने बांधावरूनच ओरडून विचारलं, "पाव्हणं, भाऊ घावला म्हनं तुमचा! बुरानपुरात!" मी हात हलवला आणि तसाच पुढे गेलो. वेल्ह्यापाशी वहाणेचा अंगठा तुटला, अनवाणी चालताना पाय कापला, आणि एक अख्खा दिवस एका गोठ्यात पाय बांधून पडावं लागलं. व्यापाऱ्याच्या बैलांना तसली अडचण आली नाही.

सारी वाट मी एक वाक्य घोकत होतो: वहिनी, ती बातमी खरी नव्हती. अंगणात पाऊल टाकलं तर वहिनी सारवत होत्या. सारवणाने भरलेले हात तसेच धरून त्या उभ्या राहिल्या. चेहरा इतका उजळला होता की मी खाली पाहिलं. ओटीवर भटजी बसले होते.

"भावोजी, खरं ना?" वहिनींनी विचारलं.

"पुण्यात सगळे तेच म्हणताहेत," मी म्हणालो.

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. भटजींनी उपरणं खांद्यावर टाकलं. "पुण्यातच म्हणताहेत म्हटल्यावर आम्ही काय बोलणार," असं पुटपुटून ते उठले. पालाशविधीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि पुण्याच्या बातमीपुढे बोलायची गावात दुसऱ्या कुणाची छाती झाली नाही.

अण्णा आले नाहीत. बुऱ्हाणपूरहून आमच्या वाटेला कुणी येत नाही आणि खरंखोटं करायला तिकडे जाणारंही कुणी नव्हतं. पहिली काही वर्षं गावकरी विचारत, मी तेच उत्तर देई. पुढे मी न सांगताच ते एकमेकांना सांगू लागले. घरात आणि गावात सगळ्यांना माझा भाऊ जिवंत होता. मला एकट्याला तो मेलेला होता, आणि मला ते कुणापाशी बोलता येत नव्हतं. दर पितृपक्षात वडिलांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या नावाने पाणी सोडायचो, आणि अण्णांच्या नावापाशी ओठ मिटून घ्यायचो. वहिनी दारातून पाहत असत.

यंदा वहिनी गेल्या. हिरव्या बांगड्या भरून, मळवट भरून त्यांना नेलं. आता लपवायचं कुणापासून? म्हणून हे सारं लिहून ठेवतो आहे. या पितृपक्षात नदीवर गेलो तो मनाशी ठरवूनच. तिघांचं झालं. ओंजळीत पाणी घेतलं, तीळ घातले आणि अण्णांचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

आणि वाटलं, खरंच बुऱ्हाणपुरास असले तर?

मग ते पाणी नाव न घेताच नदीत सोडलं आणि घरी आलो.