आवाज बंद ठेवून

शीतलचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होतो. "काका, आई गेली," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो... फोन खिशात घातला, उरलेल्या नळ्या धुतल्या, स्टँडला उपड्या लावल्या, हात पुसले आणि मीरा रोडहून रिक्षा करून भाईंदरला वहिनींच्या घरी गेलो. त्याला आता सात आठवडे झाले. लोक भेटतात, विचारतात, मी नीट उत्तरं देतो. जेवण जातं, झोप लागते. रडू मात्र आलेलं नाही, आणि आलं नाही याचं काही वाटतही नाही. सगळं बधिर झालंय.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कॉलेजसाठी मी रत्नागिरीहून आलो तो भाईंदर पूर्वेला त्यांच्याच घरी राहिलो. एक खोली आणि स्वयंपाकघर. दादा मस्कतला फिटर होता आणि शीतल अजून रांगत होती. वहिनींची जीभ तिखट आणि हात सढळ. माझ्या पानात चौथी पोळी वाढता वाढता विचारायच्या, "भावजी, तुम्ही सायन्स शिकताय ना, मग गॅसचा रेग्युलेटर का बसत नाही तुम्हाला?" दादाला पत्र लिहायचा भारी कंटाळा. तो कॅसेटमध्ये बोलायचा आणि इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती पाठवायचा. मी कॉलेजला गेलो की वहिनी ती लावायच्या. उत्तर मात्र पत्रानेच. "डब्याशी कसलं बोलायचं? लाज वाटते," म्हणायच्या. अशा सात कॅसेटी जमल्या. मग दादा तिकडेच हार्ट अटॅकने गेला. शीतलला तेव्हा पाचवंही लागलं नव्हतं. वहिनी भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायला लागल्या, आणि कॅसेटी कपाटात साड्यांखाली गेल्या. त्या पुन्हा कधी वाजल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी वहिनींनी मला बोलावून घेतलं. "भावजी, कॅसेटीतला आवाज कॉम्प्युटरात घालता येतो म्हणे. ह्या फितींना बुरशी धरायला लागलीय." शीतलच्या कोर्ससाठी घेतलेला कॉम्प्युटर तिच्या लग्नानंतर तिथेच पडून होता. मला यंत्रातलं कळतं असा घरात लौकिक आहे. तो मीच पसरवलेला. पुढच्या रविवारी माझा टू-इन-वन काखोटीला मारून गेलो, स्टेशनजवळून तार घेतली, टेप कॉम्प्युटरला जोडला. आधी नमुन्याला माझी एक गाण्यांची कॅसेट लावली, स्पीकर मोठा ठेवून थोडं रेकॉर्ड केलं आणि परत ऐकलं. खणखणीत. वहिनींनी सातही कॅसेटी आणून टेबलावर ठेवल्या, पण वरचा हात काढला नाही.

"आवाज बंद ठेवून होतं का हो हे?"

"होतं की. आवाज तारेतून आत जातो. बाहेर ऐकू यायलाच पाहिजे असं नाही."

मी स्पीकरचं गोल बटण पार शून्यावर आणलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नवरा-बायकोचं बोलणं ते, आणि मी धाकटा दीर. शिवाय वीस वर्षांनी तो आवाज एकदम खोलीत आला असता तर त्यांचं काय झालं असतं, कोण जाणे.

दर रविवारी एक कॅसेट. एकेक बाजू पाऊण तास, कारण कॅसेटला घाई करता येत नाही, ती तिच्या चालीनेच जाते. मी खुर्चीत, वहिनी खाली मेथी नाहीतर लसूण घेऊन. पडद्यावर एक हिरवी रेघ सरकायची, मध्येच फुगायची. "हसले बघा," वहिनी म्हणायच्या आणि स्वतःही हसायच्या. रेघ बारीक झाली की म्हणायच्या, "आता गप्प. असेच होते. चार शब्द बोलले की दमायचे." इतक्या वर्षांत दादाबद्दल त्या माझ्याशी एवढं कधीच बोलल्या नव्हत्या. सातवी कॅसेट झाली, मी सगळं सीडीवर उतरवलं. ती त्यांनी रुमालात गुंडाळून ठेवली आणि कॅसेटी माझ्या हाती दिल्या. "देवाचे जुने फोटो सोडतो तशा खाडीत सोडून या. माझ्यामागे कुणाच्या हाती लागायला नकोत." मी निर्माल्याच्या पिशवीत घालून त्या सोडून आलो. सीडी ऐकायची असेल तेव्हा सांगा, लावून देतो, म्हटलं होतं. त्यांनी कधी सांगितलं नाही.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर शीतलने ती सीडी काढली. "काका, बाबांचा आवाज मला आठवतच नाही. लावा ना."

लावली. पंख्याची घरघर आली. कुकरची शिट्टी झाली. मग वहिनी म्हणाल्या, "हसले बघा."

माझ्या लगेच लक्षात आलं. कॉम्प्युटरला सांगावं लागतं, तारेतून घे की माईकमधून घे. कॉम्प्युटरबरोबर आलेला माईक टेबलावर उभा होता, आणि मी त्याच्यावरच ठेवलं होतं. पहिल्या दिवशी गाणी स्पीकरमधून बाहेर येऊन माईकात शिरली, म्हणून मला सगळं ठीक वाटलं. नंतर मीच स्पीकर बंद केला. सात रविवार माईकने नुसती खोली ऐकली. रेघ फुगत होती ती कुकरच्या शिट्टीने, नाहीतर वहिनींच्याच हसण्याने.

शीतलला सगळं सांगितलं. तुझ्या बापाचा आवाज मी घालवला आणि वर कॅसेटीही माझ्याच हाताने बुडवल्या, असं सरळ सांगितलं. ती म्हणाली, "कळलं, काका. पण थांबवू नका. आई बोलतेय." तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून ती रविवारी वसईहून येते आणि आम्ही दोघं एकेका कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकतो. मेथी निवडल्याचा आवाज येत नाही; ताटलीचा येतो. गेल्या रविवारी पाचव्या कॅसेटची दुसरी बाजू होती. बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या, "भावजी, चहाला दूध नाही. आणता का खालून?" माझ्या चपला वाजल्या, कडी वाजली. मग थोडा वेळ नुसता पंखा... आणि एकदम दादा. जरा लांबून, शेजारच्या खोलीतून बोलावा तसा. वहिनींनी बटण फिरवलं होतं.

"...इथं उकाडा फार. तू दुपारची जरा आडवी होत जा. शीतल धरून उभी राहते म्हणतेस. तिला सांग, बाबा येईपर्यंत चालायचं नाही हां. मला बघायचंय."

शीतलने माझं मनगट धरलं.

"चालली हो," वहिनी त्याला म्हणाल्या, अगदी रोजच्या आवाजात. "केव्हाच चालली. लग्न होऊन वसईला गेली."

दादा पुढे बोलतच होता. कुणाच्या तरी हाती खजूर पाठवल्याचं सांगत होता, आणि वहिनी मध्ये मध्ये "हो, मिळाले" म्हणत होत्या. मग कडी वाजली. दादाचा आवाज वाक्याच्या मधेच बारीक होत होत बंद झाला.

"इतक्यात आलात?" वहिनींनी विचारलं.

आणि मी, मोठ्या हुशारीने, "पळतच गेलो, वहिनी."