बुधाजीमामांचा धरलेला श्वास

बोर्ली पंचतनात बुधाजीमामांचा आवाज ज्याला माहीत नाही, तो पाहुणाच समजावा. जयंती असो, लग्न असो, की रस्त्यासाठी आम्ही धरलेलं धरणं, माईकवर मामाच. घोषणा मी लिहायच्या आणि टाळ्या त्यांनी न्यायच्या. मामांचा एकच नियम: समोरून कुणी बोललं की उत्तर द्यायचं. उत्तर न देणारा एकतर साहेब, नाहीतर चोर.

गेल्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. हा आजार पुढं लिव्हरमध्ये जाऊन बसतो, म्हणून डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितला. मामा, तुळसामामी आणि मी अलिबागला गेलो.

त्या मशीनमध्ये रेकॉर्ड केलेली एक बाई बोलते, "श्वास घ्या. रोखून धरा."

मामा आतून खणखणीत म्हणाले, "धरला."

म्हणजे सोडलाच की. स्कॅन दोनदा काढला, दोन्ही वेळा तेच झालं. स्कॅन काढणारी सोनल म्हणाली, फोटो हललेत, पुढच्या आठवड्यात परत या. मी तडकलो. मशीन तुमचं बिघडलेलं आणि हेलपाटे आम्ही मारायचे? तिनं वाद घातला नाही, मला पडद्यासमोर उभं केलं. मामांच्या लिव्हरला दोन-दोन कडा दिसत होत्या.

"यात तांदळाच्या दाण्याएवढा डाग असला, तर तुम्ही दाखवाल?"

नाही म्हणालो. हा शब्द स्वतःबद्दल मी सहसा वापरत नाही.

आठवडाभर मामीनं ओटीवर तालीम घेतली. पुन्हा निघालो तेव्हा दिघीहून सुटलेली फेरीबोट आगरदांड्याला लागेपर्यंत सगळी बोट गाल फुगवून बसली होती, पर्यटकांसकट. येसूबाई कोळीण म्हणाली, मामांना खाडीत बुडवते, आपोआप धरतील. बुडव, पण आधी पाटीतले बोंबील देऊन जा, असं मामांनी उत्तर दिलं आणि श्वास तिथंच सुटला.

सुईतून औषध सोडण्याआधी सोनलनं नुसती तालीम घेऊन पाहिली.

"धरला, ताई."

मग तिनं रेकॉर्ड बंद केली, मामीला काचेमागच्या खोलीत नेलं आणि माईक तिच्यापुढं धरला. आयुष्यभर नवऱ्याचा माईक ऐकलेली बाई पहिल्यांदा माईकवर आली. तिनं घसा खाकरला.

"अवो, श्वास घ्या. धरा. आता एक शब्द काढलात तर मी म्हसळ्याला माहेरी जाते."

पलीकडं चिडीचूप. इतके गप्प मामा मी कुठल्याच सभेत पाहिले नव्हते.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी पडदा आमच्याकडं वळवला. म्हणाले, लिव्हरमध्ये डाग आहे. एकच, कडेला, लहान. ऑपरेशन करून काढता येण्यासारखा. फोटो हलला असता तर सुटलाच असता.

मामांचं उत्तर आलं नाही. बघतो तर तोंड मिटलेलं, चेहरा लालबुंद. मामीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"सोडा आता. हे मशीन न्हाय."

मामांनी श्वास सोडला. टेबलावरचे कागद हलले. मग खाली बघत हळूच विचारलं, "डॉक्टर, भूल दिल्यावर तुमी काय बोललात आणि मी उत्तर न्हाय दिलं, तर राग न्हाय ना येणार?"