बसून राहिलेल्याची नोंद

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होत होती, त्या साली मी आमच्या भागातल्या एका नगरपालिकेत सभा लिपिक होतो. कुठल्या ते सांगत नाही, अजून तिथं जाणं-येणं आहे. निमगाव केतकीहून सकाळची एसटी धरायची आणि दिवसभर ठराव लिहायचे. नोकरी कायम नव्हती. दर सहा महिन्यांनी मुदतवाढीचा कागद मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर जायचा आणि सही होऊन परत येईपर्यंत मला जेवण गोड लागायचं नाही. मी मुळातच भित्रा. साहेब नुसतं "जरा आत या" म्हणाले तरी मी आधी मुदत कधी संपते ते आठवायचो.

त्या वर्षी एका तरुण नगरसेवकाने ठराव मांडला, की प्रत्येक सभा राष्ट्रगीताने सुरू व्हावी. यावर कोण काय बोलणार, असं मला वाटलं होतं. पण एक म्हातारे सदस्य उठले. सगळे त्यांना तात्या म्हणत. वडिलांपर्यंत घरात मेंढरं, तात्यांच्या हयातीत ऊस आला. गुडघा दुखतो म्हणून ते मागे दाराजवळ, माझ्या टेबलाला लागूनच बसत.

"म्हणा की, कोण नको म्हणतंय," तात्या म्हणाले. "पर आमच्या आळीला चार दिस पाणी न्हाय. त्यो इषय तळाला कशापायी ढकलला?"

गलका झाला. तात्यांना देशापेक्षा नळ मोठा वाटतो, असं तो तरुण नगरसेवक म्हणाला. ठराव मंजूर झाला आणि त्या दिवसापासून त्याचा तात्यांवर डोळा राहिला.

आता माझी कामाची पद्धत सांगतो. इतिवृत्ताची सुरुवात मी आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. माझ्या आधीचा लिपिकही तेच करायचा. वाक्यं ठरलेलीच असत, त्यात नवं एक घातलं: "सर्व उपस्थितांनी उभे राहून राष्ट्रगीत म्हटले." शाई वाळली होती, सभा व्हायची होती.

सभेच्या सुरुवातीला टेपरेकॉर्डरवर राष्ट्रगीत लावलं. सगळे समोरच्या झेंड्याकडे तोंड करून उभे राहिले. मी हजेरीच्या वहीत डोकं घालून सह्या मोजत होतो. ध्यानात आलं तेव्हा अर्धं गीत झालं होतं. आता उठलो तर खुर्ची वाजेल आणि सगळे मागे बघतील, या भीतीने मी उठलोच नाही. मान आणखी खाली घातली. शेजारी तात्या टेबलाची कड धरून उठायला बघत होते. दोनदा बघितलं, मग बसले. आमची नजरानजर झाली. ते जरासे हसले.

गीत संपल्यावर लोक वळले, तेव्हा बसलेले तात्या दिसले. लिपिक बसलेलाच असतो, माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुढच्या सभेत पहिलाच विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा. मी वाचायला लागलो. "सर्व उपस्थितांनी उभे राहून" इथपर्यंत आलो आणि तो तरुण नगरसेवक उठला.

"हे खोटं आहे. कोण कोण बसलं होतं त्यांची नावं इतिवृत्तात आली पाहिजेत. आणि खोटी नोंद करणाऱ्यावर कारवाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मुदत पुढच्याच महिन्यात संपत होती. हातातल्या कागदावरची अक्षरं मला दिसेनात.

"कोण बसलं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

तात्या काठी टेकवत उठले. "मी बसलो हुतो. गुडघा उठू दीना."

"पाण्यासाठी बरा उठतो गुडघा," तो नगरसेवक म्हणाला. लोक हसले. "आणखी कोण होतं?"

तात्या माझ्याकडे वळले. मला बायको दिसली, दोन्ही मुलं दिसली, एसटीचा पाससुद्धा दिसला. एवढा मी आयुष्यात कधी भ्यालो नाही.

"आणखी कुणी न्हाय," तात्या म्हणाले. "मी एकलाच. आन् लिवणाऱ्याचा दोष न्हाय. त्याची मान खाली हुती."

"घ्या लिहून," साहेब म्हणाले.

मी लिहिलं. तात्यांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे, "राष्ट्रगीताचे वेळी बसून होते." गुडघ्याचं लिहिलं नाही. लिहू नका असं कुणीच म्हणालं नव्हतं. तीन-चार शब्दांचं काम होतं.

सभा सुटल्यावर जिन्यात त्यांना गाठलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरं शाळंत हायती न्हवं तुझी?"

"व्हय, तात्या."

"मग जा. एसटी चुकंल."

आजही राष्ट्रगीत लागलं की मी सगळ्यांच्या आधी उठतो. लोक कौतुक करतात. मला तेव्हा आधी भीती वाटते, मग बाकीचं.

पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर त्याच नगरसेवकाने त्या पानाची नक्कल मागितली. तात्या पुन्हा उभे होते आणि हा कागद त्यांच्या आळीत घरोघर फिरवला जाणार, हे मला ठाऊक होतं. अर्ज नियमात होता. मी नक्कल उतरवून काढली. गुडघा तिच्यातही नव्हता. खाली "खरी नक्कल" असा शिक्का मारला आणि सही केली. या वेळी कसली भीती नव्हती. तोवर मी कायम झालो होतो.