माकडटोपी आणि दोन जास्वंदी

अमेरिकेत, अल्फारेटात एकोणीस वर्षं काढून मी एक गोष्ट पक्की शिकले: शेजाऱ्यांना आपली दखल घ्यावी लागेल असं काही करायचं नाही. कचऱ्याची गाडी येऊन गेली की रिकामा डबा लगेच गॅरेजमध्ये. लॉन वेळेवर कापलेलं. फोडणी घालायची ती खिडकी लावून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच शिकले, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा माजही होता.

आमच्या कॉलनीच्या मागे नवी टाउनहाउस झाली, तेव्हापासून माझं स्वास्थ्य गेलं. तिथं बरीचशी आपलीच माणसं आली. पुण्याची, नागपूरची, हैदराबादची, नुकती व्हिसावर आलेली. संध्याकाळी घोळक्यानं रस्त्याच्या मधून चालायची, फोन स्पीकरवर टाकून गावभर ऐकू जाईल असं बोलायची. मी गाडीतून जाताना काच वर करायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, हे असे वागतात आणि नाव आपलं खराब होतं. शेजारचे गोरे लोक आपल्यात आणि त्यांच्यात फरक करत असतील की नाही, हा विचार मला भाजी चिरताना, मीटिंगमध्ये, कुठंही सुचायचा. चपलेत खडा गेल्यासारखा.

त्या ऑक्टोबरात माझे वडील सहा महिन्यांसाठी आले होते. नाशिकला शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आई गेल्यानंतर त्यांची ही पहिलीच खेप. बॅगेत मेतकूट, पंचांग, फुलांची वेताची परडी आणि चॉकलेटी लोकरीची माकडटोपी. सकाळी जरा गारवा पडला की ती टोपी घालून ते फिरायला जायचे. मला बरं वाटायचं, की माणूस घरात बसून कुढत नाही. देव्हाऱ्यातल्या गणपतीला रोज लाल जास्वंद दिसायची. ती कुठून येते, हे मी एकदाही विचारलं नाही. लहानपणापासून आमच्या घरी सकाळी फुलं असायचीच. ती येतात कुठून, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नव्हता.

एका मंगळवारी घरूनच काम करत होते. मीटिंग रटाळ चालली होती, म्हणून कॉलनीच्या ॲपवर डोकावले. एका शेजारणीनं लिहिलं होतं, की या आठवड्यात दुसऱ्यांदा एक माणूस पहाटे आवारात शिरला. तोंड झाकलेलं होतं. मागच्या नव्या घरांतला असावा. खाली दारावरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ होता. तो मी उघडला नाही. ‘मागच्या नव्या घरांतला’ एवढं वाचलं आणि बोटं आपोआप चालायला लागली. मी लिहिलं, की नवीन आलेल्या लोकांना आपल्याकडच्या रीती माहीत नसतात, कुणीतरी त्यांना नीट समज द्यायला हवी.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. भराभर लाइक यायला लागले. समोरच्या आजोबांचा आला, कोपऱ्यावरच्या नर्सबाईचा आला. मला इतकं छान वाटलं की लाज वाटते सांगायला. शाळेत मॉनिटर झाल्यावर वाटलं होतं तसं. माझ्या खाली एकानं लिहिलं, की आपण रात्रभर गॅरेजचा दिवा चालू ठेवतो आणि आपल्या घरात बंदूक आहे. त्यालाही कुणीतरी लाइक दिला होता.

मग व्हिडिओ उघडला.

माकडटोपी. हातात परडी. जास्वंदीच्या मोठ्या कुंडीपुढे उभे राहून बाबांनी आधी हात जोडले. मग फांदी हलकेच वाकवून दोन फुलं घेतली, बाकीची तशीच ठेवली आणि सावकाश निघून गेले. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालून आले होते. पलीकडच्या खोलीत चोर सुडोकू सोडवत बसला होता.

मी आधी कॉमेंट पुसली. मग बाबांवर ओरडले. विचारल्याशिवाय लोकांच्या आवारात जायचं नसतं, हे इतकं शिकलेल्या माणसाला कळू नये? ते गोंधळून म्हणाले, की देवाच्या फुलांना कोण नाही म्हणतं, आणि मी तर दोनच घेतो. नाशिकला त्यांनी अर्ध्या सोसायटीची झाडं रिकामी केली होती. इथं दोनच घेतली, म्हणजे त्यांच्या हिशेबी ते पाहुण्यासारखेच वागले होते. पण माझ्या डोळ्यांपुढून ती बंदुकीची ओळ हलत नव्हती. मी म्हणाले, “इथे गोळी घालतात, बाबा.” त्यांनी टेबलावरची माकडटोपी उचलली, घडी घातली आणि खिशात ठेवली.

मुलगी शाळेतून आली ती फोन पुढे करतच. चौदा वर्षांची आहे. मी पुसायच्या आत तिच्या मैत्रिणीच्या आईनं माझी कॉमेंट वाचली होती. मी तिला शपथेवर सांगितलं, की लिहिताना ते आजोबा आहेत हे मला माहीत नव्हतं.

“आय नो, आई,” ती म्हणाली. “पण मग दुसऱ्या कोणाचे आजोबा असते, तर इट वॉज ओके?”

मी तिला तोंड धुऊन खायला बस म्हणून सांगितलं.

दिवसभर माझा पाय घरात ठरेना. गप्प बसावं तर बाबांना उद्या नाही तर परवा कुणीतरी ओळखणार, आणि तो बंदूकवाला जागाच आहे. सांगावं तर एकोणीस वर्षं जपलेलं नाव जाणार. दोन्हीची भीती होती, आणि दुसरी भीती पहिलीइतकीच मोठी वाटत होती, हे मला आजही सलतं. शेवटी संध्याकाळी त्या व्हिडिओवाल्या शेजारणीकडे निघाले. एकटीनं जाऊन उरकायचं होतं, पण बाबा बूट घालून दारात उभे. चूक माझी, माफी मीच मागणार, म्हणाले.

शेजारीणबाई सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. दार उघडून मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा खुलला. माझी कॉमेंट दिसेनाशी का झाली, म्हणून त्यांनी विचारलं. इतकं समजूतदारपणे कुणीच लिहिलं नव्हतं, म्हणाल्या. आणि मग माझ्या दंडावर हात ठेवून त्यांनी ते सांगितलं, जे कुणीतरी म्हणावं म्हणून मी एकोणीस वर्षं खपले होते.

“तुम्ही त्या लोकांसारख्या नाही.”

बाबा माझ्या शेजारी उभे होते. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा शुद्ध आहे.

मी सांगितलं, की ते माझे वडील आहेत. कॅमेऱ्यातले. बाईंनी पटकन हात काढून घेतला, मग त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. बाबांनी नीट, एकेक शब्द मोजून माफी मागितली. बाई विरघळल्या. हवी तेवढी फुलं न्या, फक्त दिवसाउजेडी या आणि ती टोपी घालू नका, म्हणाल्या. बाबा थँक्यू म्हणाले. त्यांनी एकही फूल घेतलं नाही.

परत येताना मी वाट पाहत होते, की ते विचारतील, तू काय लिहिलं होतंस? उत्तरही तयार ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. फुटपाथच्या अगदी कडेनं, हात मागे बांधून चालत राहिले. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपल्याला नाही, हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आमच्या पायरीवर डब्यात चार जास्वंदी ठेवलेल्या होत्या. मी त्या परडीत घालून देव्हाऱ्यापुढे ठेवल्या. बाबांची आंघोळ झाली होती. त्यांनी फुलं वाहिली, काडेपेटी हातात घेतली आणि थांबले.

“उदबत्ती लावू का?” त्यांनी मला विचारलं. “वास बाहेर जाईल. चालेल ना?”

चालेल, म्हणाले मी. तरी ते उठले, स्वयंपाकघरातली खिडकी लावून आले आणि मग त्यांनी काडी ओढली.