राखेतला ठसा

मोहफुलं वेचायच्या दिवसांत मी सकाळी एकटाच जंगलात गेलो आणि झाडाखाली उकिडवा बसून चित्र काढू लागलो. आमच्या चंद्रपूरकडे हे शेंबडं पोरही करत नाही. उकिडवा माणूस मागून माणूस दिसत नाही, वाघाला तो चितळाएवढा दिसतो. म्हणून बाया घोळक्याने जातात. चौघी वाकून वेचत असल्या तर पाचवी उभी राहून सारखी बडबडते.

शेजारच्या म्हातारीने आदल्या दिवशी विचारलं होतं, "भाऊ, सकाळी आमच्यासंगं चालता का?"

"माझं मी बघतो," मी म्हणालो. हे माझं आयुष्यभराचं पालुपद. चित्रं मीच काढायची, चौकटी मीच ठोकायच्या, टेम्पोत मीच चढवायच्या आणि एखादी पायावर पडली तरी ओरडायचं नाही. वर याला कलावंताचा एकांत म्हणायचं.

फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा कुणीतरी जाळून ठेवला होता. त्या राखेतून चालत मी खोडाशी जाऊन बसलो. झाड अर्धं काढून झालं आणि पाखरं गप्प झाली. मग वानर खोकलं. एकदाच. मागे सागाचं वाळलं पान चुरलं. पुढचं चुरायला फार वेळ लागला.

नाल्यापलीकडून बायांची बडबड ऐकू येत होती. नुसतं ओरडायचं होतं. मी मात्र वाक्य जुळवत बसलो. 'वाचवा' फारच नाटकी वाटलं. शेवटी म्हणालो, "बाई, जरा येता का?" चहाला बोलवावं तसं. मग तेच, जरा मोठ्याने. पान पुन्हा चुरलं, या वेळी जवळ. तिसऱ्यांदा तोंडातून जे निघालं त्यात शब्द नव्हतेच.

बाया काठ्या आपटत, कल्ला करत धावत आल्या. राखेत माझ्या चपलांचे ठसे खोडापर्यंत गेले होते. त्यातल्या एकावर, टाच पार बुजवून, पंजा उमटला होता. तिथून माझी पाठ सात-आठ पावलांवर. पंजामागच्या झाडीत काही हललं नाही, आणि ते गेलं की तिथेच आहे, हे बघायला कुणी पुढे झालं नाही.

"मी तीनदा हाक मारली," मी कुरकुरलो.

म्हातारीने झाडीवरची नजर काढली नाही. "पयल्या दोन वाघाले मारल्या असतीन भाऊ. आमाले तं तिसरीच आयकू आली."