बिरोबाचं निरसं दूध

मागच्या हिवाळ्यात माझी श्रद्धा पार डळमळली होती. आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा गुडघा टम्म सुजला होता आणि ताप हटत नव्हता. सोलापुरातल्या दवाखान्यात गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं, पण त्यात कुठलाच जंतू वाढेना. कारण सापडलं नाही तर गुडघा उघडून धुवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आप्पांचं हृदय आधीच कमजोर. त्यांना भूल सोसेल, याची खात्री कुणी देईना. जन्मभर ज्याची सेवा केली तो बिरोबा आता कुठं गेला, असं मनात यायचं आणि लगेच भिऊन मी स्वतःच्याच गालावर चापट्या मारून घ्यायची.

आमचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढरांमागं फिरणारं. आप्पा शहरात माझ्याकडं राहायला आले ते दोन शेळ्या घेऊनच. सकाळची पहिली धार बिरोबाला दाखवायची आणि तेवढं निरसं, म्हणजे न तापवलेलं, दूध प्रसाद म्हणून घ्यायचं, हा त्यांचा नेम. दवाखान्यातही तो मोडू देईनात. मग मीच घरून गडूतून न्यायची. हट्टाला औषध नसतं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "कच्चं दूध पिता का?" आप्पा म्हणाले, "न्हाय की. दूध मला आवडतच न्हाय." ते खोटं बोलत नव्हते. प्रसाद पितात असं आमच्यात कुणी म्हणत नाही, प्रसाद घेतात. मलाही काही खटकलं नाही.

एका सकाळी प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई स्वतः रक्त घ्यायला आल्या. त्यांना आम्ही आधी कधी पाहिलं नव्हतं. मी गडू आप्पांच्या ओठाला लावत होते.

"काय देताय?"

"बिरोबाचा परसाद हाय," आप्पा म्हणाले.

बाईंनी हातमोजा काढून उजवा तळवा पुढं केला. "मलाही द्या थोडा."

मी ओतलं. दूध बघून त्यांचा हात ओठांजवळच थांबला. "हे तापवलंय?"

"न्हाय बाई. देवाचं निरसंच आसतंय," आप्पा म्हणाले.

त्या प्यायल्या नाहीत. पण पुसण्याआधी त्यांनी तो ओला हात कपाळाला लावला. मग शेजारी बसून शेळ्यांची सगळी चौकशी केली. एक शेळी मध्यंतरी गाभडली होती, म्हणजे तिचा गाभ पडला होता, हे आप्पांनी सांगितलं. जनावराच्या निरशा दुधातून माणसात येणारा एक जंतू असतो, तो फार सावकाश वाढतो, म्हणून नमुन्याची बाटली आणखी काही दिवस ठेवू, असं म्हणून त्या गेल्या. रक्ताची वेगळी तपासणीही त्यांनी करून घेतली. तोच जंतू निघाला. गुडघा उघडावा लागला नाही. गोळ्या बरेच आठवडे चालल्या, पण आप्पा चालत घरी आले.

दुखणं प्रसादाच्या गडूतून आलं आणि त्याचा उलगडाही त्याच गडूपाशी झाला. याला काय म्हणावं ते मला कळत नाही, आणि आता समजून घ्यायचा हट्टही उरलेला नाही. त्या बाईंनी भक्तीनं हात पुढं केला, एवढंच आठवतं आणि डोळे भरून येतात.

एक काळजी मात्र होती. आप्पा जन्माचा नेम बदलतील का? घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी धार काढली, स्वतः गॅसपाशी उभं राहून दूध उकळलं आणि गडूत ओतलं. नैवेद्यावर फुंकर मारत नाहीत, म्हणून गडूला बाहेरून हात लावत ते कितीतरी वेळ देवापुढं बसून राहिले. शेवटी गडू हळूच पुढं सरकवून म्हणाले, "घे रं बाबा. आता निवलंय."